जुन्या यंत्राचा खरा सौदा

तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर चिखलदऱ्याला गेला असाल, तर तेथील पंचबोल ही जागा पाहिली असेल. दरीच्या काठावर उभे राहून मोठ्याने हाक मारली की ती हाक डोंगराला आपटून परत येते. यालाच प्रतिध्वनी म्हणतात. आपण पुन्हा पुन्हा हाका मारतो, हसतो आणि पुढे जातो. आपल्यासाठी ती गंमत असते. पण समुद्रात जाणाऱ्या खलाशांचा जीव याच परत येणाऱ्या आवाजावर अवलंबून असतो.

ते कसे, हे आज पाहू या. शिवाय, आवाजाने पाण्याची खोली सांगणारे यंत्र जुने झाल्यावर विकायचे असेल, तर विकणाऱ्याने काय काय सांगितले पाहिजे, हेही पाहू या.

पूर्वी पाण्याची खोली दोरीने मोजत. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडत. गोळा तळाला टेकला की किती दोरी गेली ते मोजत. दोन्ही हात पसरले असता जेवढे अंतर होते, त्याला कोकणातील कोळी 'वाव' म्हणतात. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. किनाऱ्याजवळ ही रीत ठीक होती, पण खोल समुद्रात फार कठीण. 'चॅलेंजर' हे इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ या काळात समुद्राचा अभ्यास करत फिरले. २३ मार्च १८७५ रोजी प्रशांत महासागरात त्याची दोरी ४,४७५ वाव खाली गेली. म्हणजे आठ किलोमीटरांहून जास्त! एवढी दोरी सोडायची आणि पुन्हा ओढून घ्यायची, म्हणजे एका मोजणीला कित्येक तास लागत.

१९१२ साली 'टायटॅनिक' हे प्रचंड जहाज हिमनगावर आपटून बुडाले. पाण्यातील धोका आधी कसा कळेल, या प्रश्नाने अनेक शास्त्रज्ञ कामाला लागले. जर्मनीतील अलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये आवाजाने खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे १९२५ ते १९२७ या काळात 'मेटिऑर' या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागरात या पद्धतीने हजारो ठिकाणी खोली मोजली. जे काम दोरीने करायला कित्येक तास लागत, ते आता काही सेकंदांत होऊ लागले.

या यंत्राला 'इको साउंडर' म्हणतात. त्याचे मुख्य भाग दोन. एक पेटी, जिच्या पडद्यावर आकडा आणि तळाचे चित्र दिसते. दुसरा भाग बोटीच्या तळाशी पाण्यात असतो. त्याला 'ट्रान्सड्यूसर' म्हणतात. त्याच्या आत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची चकती असते. तिला वीज मिळाली की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. तळाला आपटून आवाज परत आला की ती पुन्हा थरथरते आणि या वेळी स्वतः थोडीशी वीज तयार करते. तीच चकती तोंड आणि तीच चकती कान! हा आवाज इतका बारीक असतो, की तो माणसाला ऐकू येत नाही.

आता थोडे गणित करू. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. समजा, आवाज जाऊन परत यायला ०.२ सेकंद लागले. तेवढ्या वेळात आवाजाने ३०० मीटर अंतर कापले. पण ते जाण्यायेण्याचे अंतर झाले. म्हणून त्याचे निम्मे करायचे. पाण्याची खोली १५० मीटर.

मुंबईचा ससून डॉक आणि रत्नागिरीचा मिरकरवाडा येथून मासेमारीला जाणाऱ्या मोठ्या बोटींना असे यंत्र लागते. त्यावर तळ दिसतो आणि माशांचे थवेही दिसतात. तुम्ही म्हणाल, आपण नागपूरकर! समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्याला याचे काय? पण नागपूरला पाणी पुरवणाऱ्या पेंच नदीवर तोतलाडोहसारखे मोठे धरण आहे. धरणांत दर पावसाळ्यात गाळ वाहून येतो. गाळ साचला की पाणी साठवायची जागा कमी होते. किती गाळ साचला, हे वरून दिसत नाही. तेव्हा बोटीवर इको साउंडर बसवून जलाशयाची खोली मोजतात. म्हणजे या यंत्राचे काम समुद्रापासून दूरही पडते.

आता समजा, तुमचे मामा मुंबईच्या गोदीत कामाला होते. निवृत्त होऊन ते नागपूरला परत आले आणि येताना खोल पाण्याचा एक जुना इको साउंडर घेऊन आले. यंत्र घरात पडून आहे. कबाडी ते भंगाराच्या भावाने मागतो. मामा म्हणतात, "अरे, हे चालू यंत्र आहे. ज्याला गरज आहे त्याला विकू. तू मराठीत एक चांगली जाहिरात लिहून दे."

तुम्ही काय लिहाल? बहुतेक मुले लिहितील, 'उत्तम स्थितीतील यंत्र. कोणत्याही बोटीस उपयोगी. त्वरा करा!' वाचायला हे छान वाटते. पण यातील एक वाक्य खोटे आहे आणि ते एखाद्याचा जीव घेऊ शकते. कोणते? 'कोणत्याही बोटीस उपयोगी' हे!

खोल पाण्याचे यंत्र आणि उथळ पाण्याचे यंत्र यांत फरक असतो. जाड आवाज पाण्यात दूरवर जातो, तर बारीक आवाज लवकर विरतो, पण जवळच्या वस्तू अधिक स्पष्ट दाखवतो. म्हणून खोल पाण्यासाठी सेकंदाला ५०,००० वेळा थरथरणारा, म्हणजे ५० किलोहर्ट्‌झचा आवाज वापरतात. उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्‌झचा वापरतात. काही यंत्रांत दोन्हींची सोय असते. महासागराच्या फार खोल भागासाठी तर याहूनही जाड आवाज लागतो.

दुसरी गोष्ट, खोल पाण्यासाठी आवाज जास्त वेळ सोडावा लागतो. जोपर्यंत यंत्र बोलत असते, तोपर्यंत ते ऐकू शकत नाही. समजा, आवाज ०.०१ सेकंद चालला. तेवढ्या वेळात तो १५ मीटर जातो. म्हणजे साडेसात मीटरांपेक्षा उथळ पाण्यातील प्रतिध्वनी यंत्राचे बोलणे संपण्याआधीच परत येऊन पोहोचतो आणि यंत्राला तो कळत नाही. म्हणून असे यंत्र तलावात किंवा खाडीत नेले, तर ते मुके राहील किंवा चुकीचा आकडा दाखवील. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीनही किनाऱ्यापासून सुमारे ३०० किलोमीटर दूरपर्यंत पसरलेली आहे आणि तिच्यावरचे पाणी साधारणपणे २०० मीटरांपेक्षा कमी खोल आहे. तेव्हा किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या छोट्या होडीला खोल समुद्राचे यंत्र घेऊन काय उपयोग? म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा, "भाऊ, तुमची बोट कोणत्या पाण्यात जाते?" उत्तर ऐकून कधी कधी 'हे यंत्र तुमच्या कामाचे नाही' असेही सांगावे लागेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र खोली मोजते ती ट्रान्सड्यूसरपासून, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. समजा, जुन्या मालकाची बोट मोठी होती आणि तिचा ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २ मीटर होता. पूर्ण खोली दिसावी म्हणून त्याने यंत्रात २ मीटर मिळवून दाखवण्याची सोय करून ठेवली. आता ते यंत्र छोट्या होडीवर बसले. तिचा ट्रान्सड्यूसर फक्त अर्धा मीटर खाली आहे. यंत्र मात्र पूर्वीप्रमाणे २ मीटर मिळवतच राहील. पडद्यावर ३ मीटर दिसेल, पण खरी खोली असेल दीड मीटर! रात्रीच्या अंधारात तांडेल आकड्यावर विश्वास ठेवून होडी पुढे नेईल आणि होडी खडकावर आपटेल. यंत्र बिघडलेले नव्हते. विकणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नव्हती, एवढेच. म्हणून विकण्यापूर्वी अशी जुनी मिळवणी शून्यावर आणावी आणि तसे सांगावे.

मापाचेही तसेच. काही यंत्रे मीटरमध्ये, काही फुटांत, तर काही वावांत आकडा दाखवतात. पडद्यावर १० हा आकडा आहे. तो मीटरमध्ये असेल आणि तांडेलाला तो वावांत वाटला, तर १० मीटरांचे पाणी त्याला १८ मीटरांचे वाटेल.

आता तपासणी. यंत्राला बॅटरी जोडली, पडदा उजळला आणि त्यावर मासे फिरू लागले, म्हणजे यंत्र चांगले आहे, असे समजू नका. पुष्कळ यंत्रांत दुकानात दाखवण्यासाठी नकली चित्राची सोय असते. घरातल्या टेबलावर ठेवले तरी त्यात समुद्र दिसतो! खरी परीक्षा पाण्यातच होते. यंत्राला पुरेल एवढ्या खोल पाण्यात बोट न्यावी. एक जाड लोखंडी पत्रा मापाच्या साखळीने ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली, समजा, १० मीटरांवर सोडावा. यंत्राने १० मीटरच दाखवले पाहिजेत. मग पत्रा आणखी खाली सोडून पुन्हा पाहावे. खोली मोजण्याचे काम करणारे लोकही आपली यंत्रे अशीच तपासतात. ट्रान्सड्यूसरला चीर गेली आहे का, त्याच्यावर शिंपले चिकटले आहेत का, तार कुठे जोडलेली आहे का आणि तो त्याच पेटीच्या जोडीचा आहे का, हेही पाहावे.

शेवटी कागदपत्रे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याला ती वस्तू विकण्याचा हक्क असला पाहिजे, आणि वर्णन सांगून वस्तू विकली असेल तर ती त्या वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी. नव्या मालकालाही पावती द्यावी.

आता मामांसाठी जाहिरात अशी लिहिता येईल :

'विकणे आहे. बोटीवरील वापरलेला इको साउंडर. खोल पाण्यासाठी, ५० किलोहर्ट्‌झ. तलाव, खाडी व उथळ पाण्यासाठी योग्य नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. आकडा मीटरमध्ये दिसतो. पेटी व ट्रान्सड्यूसर मूळ जोडीचे. तारेला एक ठिकाणी जोड दिलेला आहे. पडद्याचा डावा कोपरा अंधुक दिसतो. आधीच्या बोटीची मिळवणी शून्य केली आहे. पाण्यात उतरवून तपासून घ्यावा. मूळ पावती व माहितीपुस्तिका सोबत मिळेल.'

मित्रांनो, यात 'उत्तम' हा शब्द कुठेच नाही. तरीही जाणकार गिऱ्हाईक हीच जाहिरात वाचून येईल. कारण जो माणूस अंधुक कोपरा सांगतो, त्याचा आकडाही खरा असेल, असे त्याला वाटेल. कदाचित किंमत थोडी कमी येईल. पण विकणारा रात्री निवांत झोपेल.

बाजार, सौदा, किंमत, माल, दलाल हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूतला 'नाखुदा' तोच कोळ्यांचा 'नाखवा', म्हणजे बोटीचा मालक. असाच एक शब्द दोन्ही भाषांत आहे : 'ऐब'. ऐब म्हणजे दोष. वस्तूत ऐब असणे हा विकणाऱ्याचा गुन्हा नाही, कारण वापरलेली वस्तू झिजतेच. तो ऐब माहीत असून झाकणे हा गुन्हा आहे.

उद्या तुम्ही कदाचित इको साउंडर विकणार नाही. पण जुनी सायकल नक्की विकाल. तेव्हा तिचा मागचा ब्रेक नीट लागत नसेल, तर घंटी वाजवून दाखवण्याआधी तो ब्रेक दाखवा.

स्वाध्याय

१. खोल पाण्याचे यंत्र उथळ तलावात का चालत नाही?
२. समुद्रात आवाज जाऊन परत यायला ०.४ सेकंद लागले, तर पाणी किती खोल आहे?
३. जुन्या मालकाने ठेवलेली मिळवणी नव्या मालकाला धोक्याची का ठरते?
४. घरातील एखाद्या जुन्या वस्तूची, तिचे दोष सांगणारी जाहिरात पाच वाक्यांत लिहा.