चक्रीवादळ आणि किनाऱ्यावरील घराची पूर्वतयारी : दांडी गावाच्या संदर्भात

प्रस्तावना

पालघर तालुक्यातील दांडी हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले मच्छीमारांचे गाव आहे. नवापूर व उच्छेळी ही त्याची शेजारगावे असून पूर्वेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. उत्तर कोकणातील अन्य किनारी गावांप्रमाणे येथेही पावसाळ्यापूर्वी घर सज्ज करण्याची जुनी रीत आहे. कौले परतणे, पश्चिमेकडील पडवीला झावळ्यांची झापे किंवा प्लॅस्टिक बांधणे, सरपण व सुकी मासळी भरून ठेवणे ही सर्व कामे कोकणात ‘आगोट’ या एका शब्दात सामावतात. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली ही व्यवस्था पावसाळ्यासाठी पुरेशी ठरते. चक्रीवादळासाठीही ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या दोन दशकांत त्याआधीच्या काळाच्या तुलनेत सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. प्रस्तुत लेखात आगोट आणि चक्रीवादळाची तयारी यांतील भेद स्पष्ट करून दांडीसारख्या गावातील घराने काय करावे, याचा विचार केला आहे.

दिशेचा भेद

पावसाळी वारा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणूनच झापे समुद्राच्या बाजूस बांधली जातात. चक्रीवादळात मात्र वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’प्रमाणे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असेल, तर वारा प्रथम पूर्वेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने वाहू लागतो आणि वादळ पुढे जाईल तसा दक्षिणेकडे व नैऋत्येकडे वळतो. जून २०२० मधील ‘निसर्ग’प्रमाणे वादळ गावाच्या दक्षिणेस जमिनीवर आले, तर वारा पूर्व-ईशान्येकडून सुरू होऊन उत्तरेकडे वळतो. दोन्ही प्रसंगी घराची जी बाजू सुरक्षित मानून उघडी ठेवली जाते, तीच प्रथम माऱ्यात सापडते. मागील दार, परसातील खिडकी आणि न्हाणीघराचे पत्रे यांची डागडुजी म्हणून दर्शनी पडवीइतकीच आवश्यक आहे.

बलाचा भेद

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो, तर ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे ७० किलो भरतो. मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ४० किलो आणि लोखंडी पत्र्याचे अवघे पाच किलोच्या आसपास असते. छपरावरून वेगाने जाणारा वारा छपराला खाली दाबण्याऐवजी बहुधा वर ओढतो. वाऱ्याच्या बाजूचे दार वा खिडकी फुटली, की आत शिरलेली हवा छपराला खालून वर ढकलते. ओढ आणि ढकल एकत्र आल्यावर केवळ वजनाच्या आधाराने छप्पर टिकत नाही.

यावरून आगोट व चक्रीवादळाची तयारी यांतील मुख्य भेद ध्यानी येतो. आगोटीत वरून येणारे पाणी अडवायचे असते. चक्रीवादळात छप्पर खालून धरून ठेवायचे असते. पत्र्यावर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची सवय यासाठीच घातक ठरते. जोरदार वाऱ्यात ते घसरून खाली येतात आणि माणसांना इजा करतात. त्याऐवजी पत्रे वाशांना हुक व रुंद वायसर लावून जखडावेत, वासे पाटाईला आणि पाटाई भिंतीला लोखंडी पट्टीने बांधावी. आढ्यावरील व वळचणीची कौले सिमेंटने बसवावीत, कारण उचल प्रथम कडेपासून सुरू होते. मच्छीमार घरात जाड दोर आणि जुनी जाळी असतातच. छपरावरून जाळे पसरून ते चारही बाजूंनी जमिनीत पक्क्या रोवलेल्या खुंटांना ताणून बांधणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. दोराची गाठ कशी मारावी, हे या वस्तीला शिकवण्याची गरज नाही.

काळाचा भेद

आगोट जूनच्या पहिल्या पावसाकडे पाहून केली जाते. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मात्र मुख्यतः दोन काळात येतात : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजी पालघरच्या समोरून गेले, तेव्हा मासेमारीबंदीस दोन आठवडे बाकी होते. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी मुंबई-अलिबाग परिसरात जमिनीवर आले, तर ‘ओखी’ डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या दिशेने सरकताना क्षीण झाले. हिवाळ्याच्या तोंडावर झापे काढलेली असतात, होड्या पाण्यात असतात आणि किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात. त्या काळात तयारीची कोणतीही रूढ रीत नाही.

सूचनेचे टप्पे आणि घरातील कामे

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत देतो. पहिली पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी मिळते. या वेळी समुद्रातील माणसांना परत बोलवावे, छपराची बांधणी तपासावी आणि शेवग्यासारख्या ठिसूळ झाडांच्या फांद्या छाटाव्यात. दुसरा इशारा ४८ तास आधी येतो. होड्या भरतीरेषेच्या पुष्कळ वर ओढाव्यात किंवा खाडीत सुरक्षित नांगराव्यात. मासळी वाळवण्याचे बांबू, सुटे पत्रे, पिंपे आत घ्यावीत. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक व होडीच्या नोंदणीची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावीत. तिसरा इशारा २४ तास आधीचा असतो. पिण्याचे पाणी भरावे, विहीर झाकावी, औषधे, विजेरी व कोरडा खाऊ एकत्र ठेवावा. चौथ्या टप्प्यात, सुमारे १२ तास आधी, वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या वाटचालीचा अंदाज दिला जातो. तोपर्यंत विजेचा मुख्य खटका आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करून घर सोडलेले असावे.

वादळाचा मध्य गावावरून गेल्यास वारा काही काळ एकदम पडतो. ही शांतता फसवी असते. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुरू होतो. छप्पर पाहण्यासाठी त्या वेळी बाहेर पडणे प्राणघातक ठरू शकते.

पाण्याचा धोका वाऱ्याहून वेगळा आहे. वादळाने फुगलेले पाणी उधाणाच्या भरतीवर चढले, की ते नेहमीच्या रेषा ओलांडते. ‘तौक्ते’ आले तो दिवस वैशाख शुद्ध पंचमीचा, म्हणजे भांगाच्या भरतीकडे झुकणारा होता. ‘निसर्ग’ ज्येष्ठ पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आले. मच्छीमारांना तिथीवरून भरतीची वेळ काढता येते. वादळाची अपेक्षित वेळ आणि भरतीची वेळ जुळते काय, हा हिशेब प्रत्येक घराने सूचना मिळताच करावा.

घर सोडण्याचा निर्णय

तयारीतील सर्वांत अवघड भाग हाच आहे. ‘निसर्ग’चा प्रारंभीचा अंदाज हरिहरेश्वर ते दमण या दीर्घ पट्ट्यासाठी होता व पालघरच्या किनाऱ्यावरील हजारो लोकांना हलवण्यात आले. प्रत्यक्षात ते ३ जून २०२० रोजी दांडीच्या बऱ्याच दक्षिणेस, रायगड जिल्ह्यात जमिनीवर आले. अशा अनुभवानंतर ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ असे म्हटले जाणे स्वाभाविक आहे. परंतु अंदाज हा एका बिंदूचा नसून पट्ट्याचा असतो. श्रीवर्धन परिसरात त्याच वादळाने घरे व नारळ-सुपारीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ने येथील किनारा न ओलांडताही ‘गल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज पालघरच्या किनाऱ्याजवळ खडकाळ भागात आणून अडकवला. त्यावरील १३७ जणांची तटरक्षक दल व नौदलाने सुटका केली. वादळ चुकले म्हणजे सूचना खोटी होती, असा अर्थ होत नाही.

बहुधा घरातील कर्ता पुरुष होडीसाठी व जाळ्यांसाठी मागे राहतो आणि त्याच्यासाठी आणखी कोणी थांबते. होडी, जाळी व गुरे यांची सोय ४८ तास आधीच केली, तर थांबण्याचे कारण उरत नाही. औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या, पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंचाही विचार व्हावा. त्यांच्याजवळ दोर नसतो, जाळे नसते आणि भरतीचे ज्ञानही नसते. घरमालकाने व शेजाऱ्यांनी त्यांना वेळीच पक्क्या इमारतीत नेणे हा गावाच्या तयारीचाच भाग होय.

समारोप

आगोट टाकून देण्याची आवश्यकता नाही. तिचा विस्तार करण्याची आहे. उन्हाळ्यातील आगोट मेच्या पहिल्या आठवड्यात पुरी व्हावी आणि तीत पूर्वेकडील बाजू व छपराची बांधणी यांचा समावेश असावा. त्याचबरोबर नवरात्रानंतर प्रत्येक घराने एक दिवस दुसऱ्या आगोटीसाठी राखावा : हुक तपासणे, दोर बदलणे, कागदपत्रांची पिशवी पाहणे आणि कोण कोणाला घेऊन कोणत्या इमारतीत जाईल, हे ठरवणे. घराचे छप्पर पुन्हा घालता येते. म्हणूनच या यादीतील शेवटचे काम, माणसांच्या निवाऱ्याचे, सर्वांत आधी ठरले पाहिजे.