वाढीव हमीचा हिशेब

मोटारविक्रीच्या दालनात सौदा जवळजवळ पुरा झालेला असतो. किंमत ठरलेली, रंग पसंत पडलेला, कर्जाचे कागद तयार. घरच्या मंडळींत हार आणि पेढ्यांची बोलणी सुरू झालेली. नेमक्या त्या क्षणी विक्रेता आणखी एक कागद हलकेच पुढे सरकवतो. 'वाढीव हमी घेऊन टाका, साहेब. पुढची दोन वर्षे काळजी नको.' दहा-बारा लाखांच्या व्यवहारात पंधरा हजारांचा आकडा किरकोळ भासतो आणि सही होऊन जाते. मंडईत मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा गृहस्थ येथे मात्र कागद वाचण्याचीही तसदी घेत नाही.

साध्या मोटारीबाबत ही चूक फार तर काही हजारांची ठरते. गाडी 'स्पोर्ट्स कार' असली की हाच प्रश्न उग्र रूप धारण करतो. समजा, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुण अभियंत्याचे मन चार वर्षे वापरलेल्या, दोन आसनी, विदेशी बनावटीच्या गाडीवर बसले आहे. निम्मी रक्कम साठवलेली, निम्मी कर्जाऊ. विक्रेता दोन वर्षांच्या वाढीव हमीचे दीड लाख रुपये सांगतो. मुलगा म्हणतो, 'गिअरबॉक्स गेला तर सहा-सात लाखांना खड्डा पडेल, हमी घेतलेली बरी.' सदाशिव पेठेतले निवृत्त शिक्षक वडील म्हणतात, 'जी वस्तू दुरुस्त करण्याची ऐपत नाही, ती घ्यावीच कशाला?' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्याचा निवाडा भावनेने नव्हे, हिशेबाने व्हावा.

गल्लीतली हमी

पुण्याने हमीची एक निराळी पद्धत पाहिलेली आहे. १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून 'चेतक' स्कूटर बाहेर पडू लागली. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती येईल ती गाडी गोड मानून घेण्याखेरीज ग्राहकाला गत्यंतर नव्हते. तरीही मालक बऱ्यापैकी निर्धास्त असे. त्याची खरी हमी कंपनीच्या कागदावर नव्हती. ती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फिटरच्या हातात आणि नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत होती. प्लगवरची काजळी, तुटलेली क्लचची वायर, तुंबलेला कार्बोरेटर, सारे बिघाड डोळ्यांना दिसत आणि खर्चाचा अंदाज आधीच बांधता येई.

जानेवारी २०२० मध्ये 'चेतक' हेच नाव घेऊन विजेवर चालणारी स्कूटर पुण्याच्या रस्त्यांवर आली. या दोन गाड्यांमधील अंतर केवळ इंधनाचे नाही. आजच्या वाहनाचा मोठा भाग सीलबंद आहे. गल्लीतला कारागीर कितीही हुशार असला, तरी संगणकीय नियंत्रकापुढे त्याचा पाना चालत नाही. जेथे पूर्वी एखादा सुटा भाग बदलून भागत असे, तेथे आता अख्खा संचच बदलावा लागतो. दुरुस्ती क्वचित लागते, पण लागली की खिसा रिकामा करते. वाढीव हमीची बाजारपेठ या बदलातून फोफावली आहे. स्पोर्ट्स कार हे त्याचे टोकाचे उदाहरण. तिचे भाग परदेशातून येतात आणि दुरुस्तीची अधिकृत जागा शहरात बहुधा एखादीच असते.

अर्थशास्त्र काय सांगते?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. या विषमतेमुळे बाजारात चांगल्या गाडीलाही चांगली किंमत येत नाही. या अविश्वासावरचा एक उपाय म्हणून त्यांनी हमीचा उल्लेख केला होता. मालावर विश्वास असलेला उत्पादकच दीर्घ हमी देऊ धजतो. मारुती सुझुकीने २०२४ च्या जुलैमध्ये आपली मूळ हमी दोन वर्षांवरून तीन वर्षांवर नेली, तिचा अर्थ या दृष्टीने लावता येतो.

परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. किमतीत अंतर्भूत असलेली मूळ हमी हे उत्पादकाच्या आत्मविश्वासाचे चिन्ह आहे. वेगळे पैसे मोजून घेतलेली वाढीव हमी हा मात्र एक विकाऊ माल आहे, आणि तो विकणाऱ्याला त्यात नफा हवा असतो. दुरुस्तीचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन आणि कार्यालयीन व्यय भागवून जे उरावे लागते, ते सर्व ग्राहकांकडूनच गोळा होते. सरासरी ग्राहक जितके भरतो त्याहून कमीच परत मिळवतो. एरवी हा धंदा चालणारच नाही. त्यातच गाडी बेदम पिटाळणारे लोक ही हमी हौसेने घेतात. रविवारी सकाळी सिंहगडापर्यंत जाऊन येणारा मालक त्यांच्या दुरुस्तीचा भार नकळत उचलतो.

मग हमी कधीच घेऊ नये काय? तसे नाही. विम्याचे जुने तत्त्व येथेही लागू पडते: जे नुकसान सोसता येईल ते स्वतः सोसावे, जे सोसता येणार नाही त्याचीच जोखीम दुसऱ्यावर टाकावी. ज्याच्या बँकेत सात लाख पडून आहेत, त्या उद्योजकाला स्पोर्ट्स कारची वाढीव हमी बहुधा अनावश्यक. हप्ते भरून महिनाअखेर ज्याच्या हाती दहा हजार उरतात, त्या अभियंत्याला ती सरासरीने तोट्याची असूनही शहाणपणाची ठरू शकते. ज्याला गाडी सहज परवडते त्याला हमी नको, आणि ज्याला हमीवाचून झोप येणार नाही त्याला ती गाडीच परवडत नाही. वडिलांच्या म्हणण्यातले मर्म ते हेच.

नव्या गाडीबाबत आणखी एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. मूळ हमी तीन वर्षांची असेल तर वाढीव हमी चौथ्या वर्षी सुरू होते. पैसे मात्र आज घेतले जातात. तेच १५,००० रुपये ९ टक्के व्याजाच्या सात वर्षांच्या कर्जात मिसळले, तर प्रत्यक्षात २०,००० हून अधिक भरले जातात. अनेक कंपन्या मूळ हमी संपण्यापूर्वी केव्हाही वाढीव हमी घेऊ देतात. फार तर दर थोडा चढतो. दोन वर्षे गाडीची प्रकृती पाहून निर्णय घेण्याची ही मुभा मोलाची आहे.

कागदावर काय नसते

हमीचा कागद उलट्या बाजूने वाचावा, म्हणजे काय मिळणार नाही ते आधी पाहावे. टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांसारखे झिजणारे भाग सामान्यतः वगळलेले असतात. ठरावीक मुदतीत अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग झाले नसेल तर हमी बाद होऊ शकते. पुराचे पाणी तिच्या कक्षेत येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा वाहनतळातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी वाढीव हमी कामास येत नाही. येतो तो विमा, आणि इंजिनाच्या नुकसानीपुरता तोही बहुधा इंजिनाच्या संरक्षणाचे कलम घेतले असेल तरच. जमिनीला टेकून धावणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या मालकाने हे कलम आधी पाहावे, हमी नंतर.

हमी कोण देतो, हेही तितकेच महत्त्वाचे. उत्पादक, विक्रेता की तिसरीच एखादी कंपनी? जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही बंद केले. कंपनीने जुन्या ग्राहकांची सेवा चालू ठेवण्याचे जाहीर केले होते, तरी धडा स्पष्ट आहे. बलाढ्य उत्पादकालाही काढता पाय घ्यावा लागतो, तेथे एखाद्या मध्यस्थाच्या कागदाचे आयुष्य किती मानावे?

ग्राहक अगदीच निराधार आहे असे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही त्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. 'हमी घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही' असे ऐकवणाऱ्या विक्रेत्याला हे शांतपणे सांगता येईल. तक्रार राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत केली पाहिजे.

तेव्हा त्या अभियंत्याने काय करावे? आपल्या विश्वासातल्या जाणकाराकडून गाडी तपासून घ्यावी. हमी उत्पादकाची असेल, गिअरबॉक्स व इलेक्ट्रॉनिक भाग तीत स्पष्ट शब्दांत असतील, आणि गाडी विकताना ती पुढच्या मालकाच्या नावे होत असेल, तर दीड लाख अगदीच वाया जाणार नाहीत. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर तेच दीड लाख वेगळ्या खात्यात ठेवावे. बिघाड झाला तर ते उपयोगी पडतील. न झाला तर व्याजासह त्याचेच राहतील. आणि हे दीड लाख बाजूला काढताना घरखर्चाची ओढाताण होत असेल, तर उत्तर हमीच्या कागदात शोधण्याची गरज नाही. ते वडिलांनी आधीच देऊन ठेवले आहे.