पंपघराची किल्ली

किलकेनी परगण्यात चहाची किटली बघता बघता आतून पांढरी पडते. जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि जड होऊनच बोअरमध्ये उतरतं. घरात याचा त्रास किटलीपुरता. पंपघरात मात्र हाच पांढरा थर अतिनील दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर बसतो. दिवा लागलेला दिसतो, पण त्याचा प्रकाश पाण्यापर्यंत पुरता पोचत नाही आणि जंतू जिवंतच पुढे जातात. दिवा लागलाय एवढं पाहून दाराला कुलूप लावणारा एक माणूस असतो. दुसरा सेन्सरवरचा आकडा वाचतो, तो गेल्या आठवड्यापेक्षा उतरला असेल तर नळी बाहेर काढतो, सौम्य आम्लाने पुसतो आणि परत बसवतो. पंपघराची किल्ली या दोघांपैकी कोणाकडे आहे, यावर शे-दोनशे घरांची तब्येत अवलंबून असते.

हा परगणा आयर्लंडच्या आग्नेयेला, नोर नदीच्या खोऱ्यात आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर. किलकेनी शहराला आणि मोठ्या गावांना सरकारी कंपनी पाणी देते. ‘आयरिश वॉटर’ हे तिचं नाव 2023 पासून ‘इश्का एरन’ झालं. पण गोठे, कुरणं आणि एकमेकांपासून लांब पडलेली घरं असलेल्या भागात पुष्कळ ठिकाणी नळ आणला तो शेजाऱ्यांनीच. वर्गणी काढली, बोअर घेतली, स्वतःच्या शेतातून पाइप जाऊ दिले, उंचावर टाकी बांधली. तिथे याला ‘ग्रुप वॉटर स्कीम’ म्हणतात. स्वतःचा झरा, बोअर किंवा तलाव असलेल्या अशा सुमारे 400 योजना देशभर आहेत आणि सुमारे 2 लाख लोक त्यांचं पाणी पितात. मालक सभासद, कारभार बिनपगारी समितीचा, नोंदणी बहुधा सहकारी संस्थेची. कोल्हापूर-सांगलीच्या एखाद्या पाणीपुरवठा संस्थेच्या चिटणीसाला तिथल्या वार्षिक सभेत नेऊन बसवलं, तर भाषा सोडून फारसं काही परकं वाटणार नाही. थकबाकीवरची वादावादी तर मुळीच नाही.

समिती निर्णय घेते. रोजचं काम करतो तो ‘केअरटेकर’. हा बहुधा अर्धवेळ असतो: कुणी दुधाचा धंदा सांभाळून हे करतो, कुणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. आपल्या गावात ‘पाणी सोडणारा’ असतो, तसाच हा. आणि त्याच्या डोक्यात जे असतं ते बऱ्याचदा कुठल्याच नकाशावर नसतं. कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, 1970 च्या दशकातला पाइप कुठल्या कुंपणाखालून वळतो, कुठल्या चेंबरमध्ये हिवाळ्यात पाणी साचतं, हे सगळं त्यालाच ठाऊक.

त्याची फेरी पंपघरापासून सुरू होते. सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीची पातळी कालपेक्षा किती उतरली हे आधी बघायचं, कारण पंपाची टिकटिक चालू असली तरी नळीत हवा अडकली की क्लोरीन जात नाही. पातळी उतरलीच नसेल तर गडबड आहे. जास्त उतरली असेल तरीही गडबड आहे. हे रसायन साठवणीत, विशेषतः उन्हाळ्यात, कमजोर होत जातं. स्वस्त पडतं म्हणून सहा महिन्यांचा साठा एकदम घेणारी समिती स्वतःचीच फसवणूक करून घेते. मग वाहिनीच्या टोकाच्या घरी जाऊन नमुना घ्यायचा. काचेच्या छोट्या बाटलीत डीपीडीची गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं. आपल्याकडच्या ओटी टेस्टमध्ये ते पिवळं होतं, एवढाच फरक. टोकाला लिटरमागे निदान 0.1 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. आकडा वहीत लिहायचा आणि कालच्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा.

हे वाचणंच शिकवावं लागतं. नुसतं लिहिणं कुणालाही जमतं.

क्लोरीनवर सगळं भागत नाही, हे आयर्लंडला 2007 मध्ये गॉलवेत समजलं. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. शहरावर मार्च ते ऑगस्ट असे पाच महिने पाणी उकळून पिण्याची वेळ आली. हा परजीवी वासरांच्या शेणातून येतो, आणि किलकेनी हा दुभत्यांचाच मुलूख आहे: ॲव्हनमोर ही मोठी दूध सहकारी संस्था इथलीच, तिचाच वंश पुढे ग्लॅनबिया आणि आता तिर्लान या नावाने चालतो. जानेवारीच्या मध्याला गोठ्यांतला साठलेला शेणमुताचा रबडा शेतात पसरायची मुभा मिळते, त्यामागोमाग गायी व्यायला लागतात. खडकात भेगा असलेल्या भागात एक जोराचा पाऊस पडला की शेतावरचं बोअरमध्ये उतरायला वेळ लागत नाही. म्हणून नियम आहे की 500 हून अधिक लोकांना पाणी देणाऱ्या स्रोताभोवती 200 मीटरपर्यंत रबडा पसरायचा नाही; लहान स्रोतांना अंतर कमी. आता त्या 200 मीटरमधली जमीन कोणाची? पुष्कळदा योजनेच्याच सभासदाची, कधी समितीवरच्या माणसाची. केअरटेकरने त्याला जाऊन सांगायचं, तेही रविवारी चर्चमध्ये आणि संध्याकाळी हर्लिंग या खेळाच्या मैदानावर पुन्हा तोंड दिसणार हे ठाऊक असताना. ‘लोकांशी कसं बोलावं’ हा भाग प्रशिक्षणात असावा असं आधी कुणाला वाटलं नसेल, पण खरी कसोटी तिथेच लागते.

तणनाशकाचंही तसंच. कुरणात लव्हाळं माजलं की एमसीपीए फवारतात. पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची युरोपातली मर्यादा लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅम आहे. एक थेंब लहान ओढ्यात पडला तर तीस किलोमीटरपर्यंतचं पाणी ही मर्यादा ओलांडू शकतं, हे तिथे शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. पंपघरातलं कुठलंही नेहमीचं यंत्र यावर उपाय करत नाही. उपाय शेताच्या बांधावरच करावा लागतो.

केअरटेकरच्या कामातला सर्वांत चविष्ट भाग मात्र गळतीचा. पहाटे दोन ते चार या वेळात सगळे झोपलेले असतात, तेव्हा मीटरमधून जे पाणी जातं त्यातलं बरंचसं गळतीचंच असतं. या ‘रात्रीच्या प्रवाहा’वर नजर ठेवायला शिकलेला माणूस एका आकड्यावरून ओळखतो की काहीतरी फुटलंय. मग एकेक शाखा बंद करून बघायची, कानाला ऐकण्याची काठी लावून व्हॉल्व्हवर टेकायची आणि जमिनीखालचा सूर ऐकायचा. दर वेळी पाइपच फुटलेला असतो असं नाही. गुरांच्या हौदाचा अडकलेला बॉलकॉक महिनोन्‌महिने पाणी सांडत राहतो आणि शेताचा मालक त्या बाजूला फिरकलेलाच नसतो. घरोघर आणि शेतोशेती मीटर बसले तेव्हा अनेक योजनांची पाण्याची मागणी झपाट्याने खाली आली. नवी बोअर घेण्याचा विचार चाललेल्या समित्यांना कळलं की पाणी होतंच, जमिनीत मुरत होतं.

या योजनांची सुरुवात 1950 च्या दशकाच्या अखेरीस विकलो परगण्यात, फादर जोसेफ कॉलिन्स या धर्मगुरूच्या पुढाकाराने झाली. पुढे आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन या ग्रामीण महिलांच्या संघटनेने घराघरात नळ यावा म्हणून मोहीम चालवली. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा मात्र विरोध होता, कारण कर वाढतील. पाणी भरायला कोण जात होतं, हे वेगळं सांगायला नको. सरकारने अनुदान दिलं, गावांनी श्रम दिले, आणि पाइप पडल्यावर सगळे घरी गेले. पुढची तीसेक वर्षं या समित्यांकडे फारसं कुणी बघितलं नाही.

ठिणगी पडली ती पैशावरून. 1996 च्या अखेरीस सरकारने सार्वजनिक नळाची घरगुती पट्टी रद्द केली. शहरात पाणी फुकट, आणि खेड्यात स्वतः पाइप टाकलेला माणूस पैसे भरतोय! या संतापातून 1997 मध्ये ग्रुप वॉटर स्कीमचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. त्याचं मुख्यालय उत्तरेकडच्या मोनाहानमध्ये आहे. भांडण जिंकून घरामागे वार्षिक अनुदान मिळालं. पण तोवर पाण्याच्या दर्जाचा प्रश्न दारात येऊन उभा होता. 14 नोव्हेंबर 2002 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की आयर्लंडच्या पुष्कळ नळांच्या, विशेषतः ग्रुप स्कीमच्या पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत आणि देशाने कायदा पाळलेला नाही.

त्यानंतर पैसा आला, प्रक्रिया केंद्रं आली. अनेक योजना एकत्र बांधून एकाच कंपनीला बांधकाम आणि वीस वर्षं चालवणं असं कंत्राट दिलं गेलं. तरी समितीची जबाबदारी संपत नाही. कंपनीचा माणूस काय करतो हे समजण्याइतकं ज्ञान मालकाला हवंच. महासंघाने दुहेरी भूमिका घेतली: सरकारशी भांडायचं आणि सभासदांना शिकवायचं. अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात धोक्याची ठिकाणं आधी शोधून ठेवण्याची जी पद्धत वापरतात, तीच पाण्याला लावून समित्या आणि केअरटेकर यांच्यासाठी अभ्यासक्रम केले. नगरपालिका-परगणा परिषदांच्या कामगारांसाठी टिपेररीतल्या रोस्क्रेसारखी प्रशिक्षण केंद्रं आहेत. किलकेनीहून गाडीने तासाभराच्या आसपास. क्लोरीन हाताळणं, नमुना घेणं, गळती शोधणं, जमिनीखालच्या चेंबरमध्ये उतरताना जीव कसा वाचवायचा, हे तिथे हाताने करून शिकवतात.

पण वर्ग दोन-तीन दिवसांचा, आणि बोअर बंद पडते रविवारी रात्री. महासंघाचे विकास अधिकारी आणि परगणा परिषदेचे ग्रामीण पाण्याचे अधिकारी यांचं खरं मोल तेव्हा कळतं. ते पंपघरात येतात, वही उघडून बघतात, शेजारच्या योजनेने हाच प्रश्न कसा सोडवला ते सांगतात. अमेरिकेत अशाच फिरत्या मदतनिसांना ‘सर्किट रायडर’ म्हणतात. घोड्यावरून वस्त्या-वस्त्यांना जाणाऱ्या जुन्या धर्मोपदेशकांवरून हे नाव पडलं. जानेवारी 2025 मध्ये एओविन वादळाने साडेसात लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज घालवली, तेव्हा पश्चिमेकडच्या कितीतरी योजनांचे पंप थंडावले. जनरेटर कोणाकडे आहे आणि तो पंपाला जोडायचा कसा, हे माहीत असणाऱ्यांची ओळख आधीच असावी लागते.

प्रशिक्षण नसलं की काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण कॅनडातलं आहे. वॉकर्टन हे सुमारे पाच हजार वस्तीचं गाव. मे 2000 मध्ये मुसळधार पाऊस पडून शेतातलं शेणखत एका विहिरीत उतरलं. पाणीपुरवठा सांभाळणारे दोघे भाऊ अनुभवी होते, पण त्यांना रीतसर शिक्षण नव्हतं. परवाने परीक्षेविना, केवळ जुनेपणावर मिळाले होते. क्लोरीनचे आकडे ते न मोजताच वहीत भरत. ते वाईट हेतूने वागले नव्हते. प्रक्रिया न केलेलं पाणी ते स्वतःही आवडीने पीत. सात माणसं मेली, सुमारे 2,300 आजारी पडली. चौकशीनंतर 2004 मध्ये त्याच गावात पाणी चालवणाऱ्यांसाठी सरकारी प्रशिक्षण केंद्र उघडलं.

केवळ लहान योजनाच चुकतात असं मात्र समजू नये. किलकेनीला लागून असलेल्या वेक्सफर्ड परगण्यात, गोरी गावाच्या सार्वजनिक केंद्रात ऑगस्ट 2021 मध्ये विजेच्या बिघाडाने क्लोरीनचा पंप बंद पडला आणि नीट निर्जंतुक न झालेलं पाणी सुमारे पाच दिवस नळाला जात राहिलं. 52 जण आजारी पडल्याची नोंद झाली. पर्यावरण संरक्षण संस्थेला हे कळवलं गेलं ते उशिरा. मोठी कंपनी, अद्ययावत यंत्रं, भोंगेही होते. ‘आता लगेच वरती कळवायचं’ हे मात्र वेळेवर झालं नाही. किलकेनीच्या एखाद्या केअरटेकरला चूक झाली की फोन कोणाला करायचा हे ठाऊक असेल आणि तो करताना भीती वाटत नसेल, तर तो या केंद्रापेक्षा सुरक्षित पाणी देतो, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे, ब्लिचिंग पावडरचा साठा असतो, पावसाळ्याआधी-नंतर पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलजीवन मिशनने 2019 पासून गावोगाव टाक्या उभ्या केल्या, पाणी तपासायला प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किट देऊन शिकवायचं ठरवलं. नाशिकला पाण्याच्या प्रशिक्षणाची सरकारी प्रबोधिनीही आहे. साधनं आहेत. पुढच्या ग्रामसभेत टाकीचा रंग आणि ठेकेदाराचं बिल यांवर बोलून झालं की पाणी सोडणाऱ्याला उभं करून एवढंच विचारा: रात्री क्लोरीन संपलं, मोटार जळाली किंवा पाण्याला वास आला, तर फोन कोणाला करतोस, आणि तो उचलतो का? उत्तर मिळालं नाही, तर ते मिळेपर्यंत सभा संपवू नका.