क्लचचे पेडल खाली का बसते?

आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता सुमारे ६५ किलोमीटरचा आहे. पेरमिली, ताडगाव ही गावे मागे टाकीत तो दाट जंगलातून जातो. समजा, या वाटेने एक जुनी सुमो चालली आहे. गाडीत तापाने फणफणलेला एक मुलगा आहे. त्याला हेमलकशाला, १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात न्यायचे आहे. चालक क्लच दाबतो, तो पेडल खालीच बसते. गिअर पडत नाही, नुसता खरखराट होतो. गिअरबॉक्स मोडला, असे सगळ्यांना वाटते. पण पुष्कळदा दोष अगदी लहान असतो.

इंजिन सतत फिरत असते. गिअर बदलताना त्याची शक्ती चाकांकडे जाऊ नये म्हणून क्लच तिला क्षणभर तोडतो. काही गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तार असते. सुमोसारख्या गाड्यांत तारेचे काम ब्रेक ऑईल करते. पेडल दाबले की वरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तेल ढकलतो. तो दाब नळीतून खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरला मिळतो आणि क्लच सुटतो. बंदिस्त द्रवावरील दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानात वाचला असेल. तेल सहसा दबत नाही. हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली, की पायाचा जोर तिला दाबण्यातच संपतो.

म्हणून आधी बॉनेट उघडून तेलाची डबी पाहावी. तेल कमी असेल, तर ते कुठून तरी गळत आहे. पेडलच्या मागे, नळीच्या जोडांवर आणि खालच्या सिलिंडरपाशी ओल शोधावी. डबी भरलेली आहे आणि तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर पेडल वर येते, तर हवेचा संशय घ्यावा. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर गळती नसेल, तर वरच्या सिलिंडरचे रबरी वॉशर झिजलेले असतात. याउलट, इंजिन जोरात फिरते पण गाडी वेग घेत नाही, तेव्हा बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते.

डबीत इंजिन ऑईल कधीही ओतू नये. त्याने रबर फुगते. ब्रेक ऑईलची लहान बाटली आसनाखाली सहज मावते, पण ती ठेवणारे थोडेच! काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. अशा गाडीत तेल घटले असेल, तर ती मुळीच चालवू नये.

ब्रेक ठीक असतील, तर मुलाला पोहोचवण्यापुरता एक उपाय आहे. समोर माणूस किंवा जनावर नाही हे पाहावे. इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकून किल्ली फिरवावी. गाडी धक्के खात निघते. मग त्याच गिअरमध्ये सावकाश जावे आणि थांबण्याआधी गिअर काढून घ्यावा.

पुढे मिस्तरी वॉशर बदलतो व हवा काढतो. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने खालचा स्क्रू सैल करायचा. बुडबुड्यांसह तेल येते. स्क्रू आवळल्यावरच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे आणि डबी रिकामी होऊ देऊ नये. मग पेडल पायाला पुन्हा घट्ट लागते.