विद्यापीठीय ग्रंथालयांतील आपले विखुरलेले ग्रंथधन

नाशिक येथे १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि आयुर्वेद महाविद्यालये त्या विद्यापीठाच्या कक्षेत गेली. तेव्हापासून मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी आपला काही संबंध उरला नाही, अशी समजूत उपनगरांतील वैद्यवर्गात रूढ झालेली आढळते. परीक्षा नाशिकची, पदवी नाशिकची. मग कालिन्याच्या ग्रंथालयात आपल्यासाठी असणार तरी काय, असा प्रश्न केला जातो. ही समजूत निराधार आहे आणि तिचा तोटा औषधनिर्मात्यांना अधिक होतो, असे आमचे मत आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या परिसरातील व्यावसायिकांना फोर्टपर्यंत जाण्याचेही नेहमीच कारण नाही. मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कालिन्याच्या विद्यानगरीत आहे. जुहू येथे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा परिसर असून तेथे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय चालते. पवईला १९५८ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, तर विद्याविहारच्या सोमैया संकुलाला २०१९ पासून विद्यापीठाचा दर्जा आहे. शिक्षणाच्या इतक्या विविध शाखा जेथे एकत्र नांदतात, तेथे आयुर्वेदाचे ग्रंथ असतातच. मात्र ते एका कपाटात नसतात.

ग्रंथालयशास्त्राने ज्ञानाचे जे विभाग पाडले, त्यांत आपले शास्त्र अक्षरशः विखुरले गेले. दशांश वर्गीकरणात वैद्यक ६१० आणि औषधीविज्ञान ६१५ या अंकांखाली येते. परंतु एखादी संहिता संस्कृत वाङ्मय म्हणून ८९१.२ येथे जाऊन बसते, वनस्पतींचे ग्रंथ ५८० च्या दालनात असतात, आणि प्रफुल्लचंद्र राय यांचा १९०२ व १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास ५४० च्या आसपास, म्हणजे जेथे वैद्य सहसा पाऊलही टाकीत नाही तेथे, शोधावा लागतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेले औषधिद्रव्यांवरील संवाद बहुधा इतिहासाच्या कपाटात सापडतील. (मुंबई बेट एके काळी याच गृहस्थाकडे खंडाने होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) जी. यान म्यूलेनबेल्ड या डच पंडिताचा भारतीय वैद्यक वाङ्मयाचा पाच भागांतील इतिहास १९९९ ते २००२ या काळात निघाला. एखाद्या ग्रंथाच्या आवृत्त्या कोणत्या आणि त्यावर टीका कोणाच्या, हे पाहण्यास त्याच्याइतके उपयुक्त साधन आमच्या पाहण्यात दुसरे नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांत बहुधा क्रमिक पुस्तकांच्या प्रतींचा भरणा असतो. असे संदर्भग्रंथ तेथे अभावानेच दिसतात.

या ग्रंथांची गरज केवळ पांडित्यापुरती नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. कलम ३ मधील व्याख्येनुसार, पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार सिद्ध केलेले औषध ते आयुर्वेदीय औषध. स्वामित्व औषधांचे घटकही याच ग्रंथांतील पाठांत आलेले असावे लागतात. २०१० साली आलेल्या नियम १५८-ब ने ग्रंथाधाराचे महत्त्व आणखी वाढविले. अनुज्ञप्तीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक औषधनिर्मात्याला हे ठाऊक आहे. परंतु संहिता व रसग्रंथ यांच्या बाबतीत अनुसूची केवळ ग्रंथाचे नाव सांगते, आवृत्ती सांगत नाही, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एकाच ग्रंथाच्या दोन मुद्रणांत पाठभेद असू शकतो; एखाद्या द्रव्याचे मान किंवा भावनेचे द्रव्य निराळे असू शकते. तपासनिसाच्या हाती एक प्रत आणि निर्मात्याच्या हाती दुसरी, असा प्रसंग आला तर मूळ संशोधित आवृत्ती कोठे पाहावयास मिळेल, हे माहीत असलेले बरे.

उदाहरणच घ्यावयाचे तर सूतशेखराचे घ्यावे. महाराष्ट्रातील क्वचितच एखादा वैद्य असेल की ज्याच्या फडताळात हा कल्प नाही. त्याचा पाठ योगरत्नाकरातील अम्लपित्ताच्या प्रकरणात आहे आणि त्यात सुवर्ण आहे. सुवर्णविरहित ‘साधा सूतशेखर’ व्यवहारात सर्रास चालतो. आपण नेमका कोणता पाठ आधारास घेत आहोत, हे निर्मात्याला अर्जात स्पष्ट करावेच लागते. योगरत्नाकर पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत १८८९ साली आणि रसरत्नसमुच्चय त्याच मालेत पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. जुन्या विद्यापीठांच्या संस्कृत विभागांतून ही ग्रंथावली आवर्जून संग्रहित केली जात असे. म्हणून ती वैद्यकाच्या दालनात न शोधता संस्कृतच्या दालनात शोधावी.

मुंबईचे ऋण तर याहून मोठे आहे. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी येथेच राहून निर्णयसागर छापखान्यासाठी चक्रपाणीच्या टीकेसह चरक, डल्हणाच्या टीकेसह सुश्रुत आणि १९३८ साली काश्यपसंहिता संपादिली. त्यांचेच सिद्धयोगसंग्रह व रसामृत हे ग्रंथ आज अनुसूचीत आहेत. मुंबईतच सिद्ध झालेला हरिप्रपन्नजींचा रसयोगसागर, तसेच शंकर दाजीशास्त्री पदे यांचा आर्यभिषक् हेही त्यात आहेत. निर्णयसागराच्या प्रतींची पुनर्मुद्रणे बाजारात मिळतात, हे खरे. तथापि तळटिपांतील पाठांतरे छायामुद्रणात पुसट झालेली आम्ही अनेकदा पाहिली आहेत, आणि नेमके त्याच ठिकाणी अडते.

काष्ठौषधींच्या व्यवहारात हीच अडचण दुसऱ्या रूपाने येते. ‘शंखपुष्पी’ या एका नावाखाली कन्व्होल्व्ह्युलस, इव्होल्व्ह्युलस, कॅन्स्कोरा आणि आपली गोकर्ण अशा चार निरनिराळ्या वनस्पती भारताच्या निरनिराळ्या भागांत घेतल्या जातात. येथे केवळ निघंटू पुरत नाही. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधांची सूची १८७९ साली प्रसिद्ध केली. विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ दरम्यान काढलेल्या फार्माकोग्राफिया इंडिकाच्या तीन खंडांत वनस्पतीच्या शास्त्रीय नावासोबत बाजारातील नावेही नोंदविली आहेत. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ मधील. बाजारात कोणती वस्तू कोणत्या नावाने विकली जात असे, हे या तिघांच्या साहाय्याने ताडून पाहता येते. डॉ. वामन गणेश देसाई यांचा मराठी औषधीसंग्रह त्यांच्या जोडीस ठेवावा.

एखादा ग्रंथ कोणत्या ग्रंथालयामुळे वाचला, याचेही भान असावे. भेलसंहिता आपल्यापर्यंत आली ती तंजावरच्या सरस्वती महालातील एका हस्तलिखिताच्या आधारे. तंजावरच्या मराठा राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी, हे ग्रंथालय वाढविले. ती प्रथम मुद्रित केली कलकत्ता विद्यापीठाने, १९२१ साली, आणि तीही आपल्या साहित्यविषयक नियतकालिकात. आज तिचे नाव पहिल्या अनुसूचीत आहे. मुंबई विद्यापीठाच्या संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची देवस्थळी यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. एशियाटिक सोसायटीच्या हस्तलिखितांची सूची त्याआधी ह. दा. वेलणकरांनी केली होती.

जुन्या नियतकालिकांकडे तर आपण ढुंकूनही पाहत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या विधीवर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जे पुरावे सादर केले, त्यांत प्राचीन संस्कृत वाङ्मयाबरोबर भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. कोणत्या तरी ग्रंथालयाने ते जुने अंक बांधून ठेवले होते, म्हणूनच हे घडू शकले.

विद्यापीठाबाहेरील वाचकाला प्रवेशासाठी सामान्यतः ग्रंथपालांच्या नावे अर्ज, ओळखपत्र आणि एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र द्यावे लागते. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने आधी चौकशी करावी. जाताना ग्रंथाचे नाव, संपादक, प्रकाशनस्थळ व वर्ष लिहून न्यावे. देवनागरी नावाचे रोमन लेखन सूचीत अनेक प्रकारे आढळते, तेव्हा दोन-तीन रूपांनी शोध घ्यावा. आणि पाठाची छायाप्रत घेण्याची परवानगी मिळाल्यास मुखपृष्ठाची व आवृत्तीच्या पानाचीही प्रत न विसरता घ्यावी. अनुज्ञप्तीच्या फायलीत हीच दोन पाने नसतात, असा आमचा अनुभव आहे.