ब्लॉग काढायचाय? आधी मागचं दार बघा!

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये शेजारच्या टीममधल्या मुलीने चहाचा कप हातात धरूनच विचारलं, "अगं, मला ब्लॉग काढायचाय. ब्लॉगर बरं की वर्डप्रेस?" तिला लडाखच्या बाइक ट्रिपबद्दल लिहायचंय. डायरी आहे, फोटो आहेत, आणि उत्साह तर इतका की सोमवारपर्यंत पहिली पोस्ट टाकायचीच. इन्स्टावर सगळं टाकून झालंय म्हणे, पण तिथे लांबलचक लिहिलेलं कुणी वाचत नाही आणि सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच सापडत नाही. शंभर टक्के पटलं!

मी तिला उलटाच प्रश्न केला, "कुठल्या मेल आयडीवर काढणार? ऑफिसच्या?" ती हसली. मी काही हसले नाही.

कारण २००७ मध्ये मी हेच केलं होतं. पहिली नोकरी, पुण्यात तिघी मुलींत मिळून एक खोली, आणि रात्री साडेनऊनंतर गिझर बंद करणाऱ्या घरमालकीणबाई. लिहायला विषय कमी नव्हते. ऑफिसचा मेल दिवसभर उघडाच असायचा, म्हणून त्याच आयडीवर एका फुकट सेवेत ब्लॉग काढला. दोन वर्षांत नव्वदेक पोस्ट झाल्या. मग नोकरी बदलली, लिहिणं मागे पडलं. दरम्यान त्या सेवेने दुकान बंद करायचं ठरवलं. 'तुमचं लिखाण अमुक तारखेच्या आत उतरवून घ्या' अशा सूचना त्यांनी पाठवल्या असणार. पण त्या गेल्या माझ्या जुन्या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये, जो मी राजीनामा दिला त्याच दिवशी बंद झाला होता. एका लग्नात मैत्रिणीला घरमालकीणबाईंची पोस्ट दाखवायला म्हणून पत्ता टाकला, तर पानच नाही! आज त्या नव्वदातल्या दोन पोस्ट शिल्लक आहेत. आईने प्रिंट काढून फाइलला लावल्या होत्या, म्हणून.

त्यामुळे 'कुठलं चांगलं?' असं कुणी विचारलं की मी टेम्प्लेटचे रंग वगैरे बघतच नाही. भाड्याने फ्लॅट घेताना आपण डिपॉझिट परत मिळणार का ते आधी विचारतो की नाही? तसं इथे विचारायचं. उद्या निघायची वेळ आली, तर सामान घेऊन निघता येईल ना?

मोठमोठे वाडे पडले

हे टेन्शन उगाच नाही. जिओसिटीज आणि याहू ३६० दोन्ही २००९ मध्ये गेले. व्हॉक्स नावाची देखणी सेवा २०१० मध्ये. मायक्रोसॉफ्टने विंडोज लाइव्ह स्पेसेस २०११ मध्ये गुंडाळली, पण निदान लोकांना सामानासकट वर्डप्रेस डॉट कॉमवर पोचवून दिलं. पोस्टरस २०१३ मध्ये बंद. आणि एकेकाळी पैसे मोजून ब्लॉग लिहिणाऱ्यांचा लाडका असलेला टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे पैसे भरले की सुरक्षित, हाही गैरसमजच.

गंमत अशी, की वर्डप्रेसचा जन्मच या काळजीतून झालाय. मॅट मुलनवेग नावाचा अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मुलगा बीटू नावाच्या सॉफ्टवेअरवर ब्लॉग लिहायचा. ते बनवणारा माणूस अचानक दिसेनासा झाला. सुधारणा नाहीत, उत्तरं नाहीत. जानेवारी २००३ मध्ये मॅटने आपल्या ब्लॉगवर चक्क आपल्या टीममधल्या मुलीचाच प्रश्न मांडला: आता कुठे जावं? एकेक पर्याय तपासून तो या निष्कर्षाला आला, की बीटू मुक्त परवान्याखाली आहे, तेव्हा तेच उचलून पुढे चालवता येईल. त्याखाली इंग्लंडच्या माइक लिटलने कॉमेंट टाकली, 'खरंच करणार असशील तर मी मदत करतो' अशा अर्थाची. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या स्टार सॉफ्टवेअरने परवान्याचे नियम आणि दर बदलले. लोक भडकले आणि थव्याने वर्डप्रेसकडे वळले. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. आहे ना भारी?

पण वर्डप्रेस म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, आणि इथे नव्वद टक्के नवखे गोंधळतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची तयार सेवा. फुकट प्लॅनमध्ये एक जीबी जागा मिळते, जाहिराती त्यांच्या दिसतात, आणि स्वतःचा डोमेन हवा तर पैसे भरायचे. वर्डप्रेस डॉट ऑर्ग म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, तेही फुकट. ते ठेवायला जागा, म्हणजे होस्टिंग, आपण विकत घ्यायची. पहिलं घर ओनरशिपचं घेतल्यावर जे होतं तेच इथे. भिंतीला खिळा ठोकायला कुणाची परवानगी नको, पण गळतीही आपलीच. प्लगइन अपडेट केले नाहीत की कुणीतरी आत घुसतं आणि तुमच्या लडाखच्या फोटोंखाली औषधांच्या जाहिराती लावतं. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून हुरळू नका. दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघा.

ब्लॉगर मात्र म्हातारा झालाय, असं सगळे म्हणतात. झालाय खरा. १९९९ मध्ये पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने तो काढला आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने विकत घेतला. मराठीतले कितीतरी जुने ब्लॉग आजही ब्लॉगस्पॉटवर सापडतात. पैसे शून्य, जागेची फारशी कटकट नाही, आणि स्वतःचा डोमेन जोडायलाही गूगल काही घेत नाही. डोमेनचे वर्षाला हजार-दीड हजार रुपये तेवढे ज्याच्याकडून घ्याल त्याला. सगळ्या पोस्ट आणि कॉमेंटची एक्सएमएल फाइल उतरवता येते, आणि ती वर्डप्रेसमध्ये चढवताही येते. म्हणजे मागचं दार व्यवस्थित उघडतं.

फक्त मालक गूगल आहे, हे विसरायचं नाही. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. ज्यांनी हौसेने ब्लॉगवर गूगल प्लसच्या कॉमेंट लावल्या होत्या, त्यांच्या त्या सगळ्या कॉमेंट त्याच वर्षी पुसल्या गेल्या. डिसेंबर २०२३ पासून आणखी एक नियम लागू झाला: दोन वर्षं खात्यात फिरकलाच नाहीत, तर ते खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणजे ब्लॉगसाठी वेगळा जीमेल काढून तो विसरणाऱ्यांनी जरा जपूनच.

आणि शेजारीपाजारीही महत्त्वाचे, बरं का. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली होती. इंटरनेट कंपन्यांनी सरसकट ब्लॉगस्पॉटच बंद केलं. काही दिवस अनेकांना स्वतःचाच ब्लॉग उघडेना.

मराठीची गोची

आता जे इंग्रजी तुलनांमध्ये कधीच सापडत नाही ते. पोस्टचं शीर्षक मराठीत दिलंत, की ब्लॉगरला त्यातलं एकही अक्षर कळत नाही. मग तो पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' लिहून पुढे आकडा लावतो. लडाख असो की मिसळपाव, पत्ता तोच! वर्डप्रेस देवनागरी पत्ता बनवतं, पण तो व्हॉट्सअॅपवर पेस्ट केलात की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची आगगाडी होते. उपाय एकच. पोस्ट टाकण्याआधी पर्मालिंक रोमन अक्षरांत हाताने लिहायची. ब्लॉगरमध्ये हे आधीच करा, कारण एकदा पोस्ट प्रसिद्ध झाली की पर्मालिंक बदलायला ती परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते.

दुसरी गोची शिरोरेषेची. कितीतरी चकचकीत थीममध्ये शीर्षकाची अक्षरं मुद्दाम दूर दूर ठेवलेली असतात. इंग्रजीत ते स्टायलिश दिसतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ब्लॉगरमध्ये टेम्प्लेटचा कोड उघडून तेवढं अंतर शून्य करता येतं, तेही फुकटात. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर आपला कोड घालता येत नाही, म्हणून थीम निवडतानाच मराठी शीर्षक टाकून बघायचं. या एका मुद्द्यावर म्हाताऱ्या ब्लॉगरला माझे दोन मार्क जास्त.

मीडियम आणि सबस्टॅकबद्दल थोडक्यात. मीडियम २०१२ पासून आहे. लिहायला सुंदर, पण ते मॉलमधल्या स्टॉलसारखं आहे, वाचकाला मॉलचं नाव लक्षात राहतं. सबस्टॅक २०१७ चं. ते पोस्ट थेट वाचकाच्या मेलमध्ये टाकतं, अगदी डबेवाल्यासारखं. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे पोस्टबरोबर वाचकांच्या मेल आयडींची यादीही उतरवून घेता येते. वर्गणी लावलीत तर दहा टक्के त्यांचे. पण पैसे स्ट्राइपमार्फत येतात, आणि स्ट्राइपने २०२४ मध्ये भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर द्यायला सुरुवात केली. तेव्हा नोकरी सोडायचे बेत जरा लांबणीवर!

माझा सल्ला? ट्रिप, रेसिपी, सिनेमा असं हौसेने मराठीत लिहिणार असाल तर ब्लॉगर, पण स्वतःच्या डोमेनवर. उद्या घर बदललं तरी पत्ता तोच राहतो. पुढची दहा वर्षं लिहीन असं मनापासून वाटत असेल आणि थोडी खटपट आवडत असेल, तर वर्डप्रेस. आधी डॉट कॉमवर, मग जमलं तर स्वतःच्या होस्टिंगवर. एक मात्र नीट लक्षात घ्या. दोन्हीकडच्या एक्सएमएल फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. मूळ फोटो वेगळे जपावे लागतात. मी पगाराच्या दिवशी बॅकअप घेते, म्हणजे विसरायला होत नाही.

हे सगळं कँटीनमधल्या मुलीला चहाच्या दोन कपांत सांगितलं. तिने स्वतःचा जीमेल वापरला, डोमेन घेतला, ब्लॉगर निवडलं. सोमवारी अकरा वाजता तिचा मेसेज आला, 'पहिली पोस्ट टाकली, बघ ना!' खारदुंग ला चढतानाचं वर्णन झकास जमलंय. लिंक बघितली, तर शेवटी 'ब्लॉग-पोस्ट'! म्हटलं, "बाई, पर्मालिंक राहिली की." ती तशीच डेस्कवरून उठून पोस्ट ड्राफ्टमध्ये न्यायला गेली.