सर्वांसाठी शिकवणे : लेखांक 5 – नजरेतले साचे

एखाद्या गटाविषयी आधीच ठरलेले मत त्या गटातल्या प्रत्येकाला लावणे म्हणजे साचेबद्ध समज. ‘मुलींना गणित जड जाते’, ‘पाड्यावरच्या मुलांना अभ्यासाची गोडी नसते’ ही त्याची उघड रूपे. ‘दुकानदाराचा मुलगा, त्याला हिशोब यायलाच हवा’ हे वाक्य कौतुकाचे वाटते. पण त्यातही मूल बाजूला राहते आणि घर पुढे येते. असे समज वर्गात बोलून दाखवले जातातच असे नाही. प्रश्न कोणाला विचारला, वही कोणाची आधी तपासली, चुकल्यावर दुसरी संधी कोणाला मिळाली, यांतून ते मुलांपर्यंत पोहोचतात.

रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग 1968 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. सुमारे 20 टक्के मुले येत्या वर्षात विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती नावे कोणत्याही निकषाविना निवडलेली होती. तरीही पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतील वाढ इतरांहून ठळक दिसली. हा परिणाम नेमका किती मोठा असतो, यावर पुढे बराच वाद झाला. मात्र शिक्षकाची अपेक्षा त्याच्या वागण्यात उतरते, हा मुद्दा शिक्षणविचारात कायम राहिला.

न बोलणारे मूल

महाराष्ट्रात असे समज बहुधा भाषेपासून सुरू होतात. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, तर गडचिरोलीतील गोंडी ही द्राविडी. अशी भाषा घरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत भेटणारी मराठी पूर्णपणे नवी असू शकते. त्याचे गप्प बसणे म्हणजे मंदपणा नव्हे. ते भाषा ऐकत, जुळवत असते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल तर मराठीच बोलत असते. त्याला ‘अशुद्ध’ म्हटले की उच्चाराबरोबर आईवडीलही चुकीचे ठरतात. ‘घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात’ असे सांगितले, तर दोन्ही रूपे जागेवर राहतात आणि लेखनाचा नियमही कळतो.

काही समजांना इतिहासाचे ओझे असते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरीही वर्गात पेन्सिल हरवली की पारधी मुलाकडे नजरा वळत असतील, तर तो शिक्का वर्गात अजून जिवंत आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गेलेले मूल परतल्यावर ‘नेहमीचे गैरहजर’ ठरते. त्याचे बुडालेले धडे भरून काढणे, हे शाळेचे काम आहे.

रोजच्या सवयी

सुरुवात हजेरीपासून करता येते. नाव घरी जसे उच्चारतात तसे विचारून घ्यावे आणि तसेच घ्यावे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी मागे राहणारी मुलेही बोलू लागली. दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला या अवधीची गरज अधिक असते.

गणितातली उदाहरणे बाजारातली हवीत, तशी शेतातली, वीटभट्टीवरची आणि मासळीच्या टोपलीतलीही हवीत. झाडलोट मुलींना आणि बाके उचलणे मुलांना, अशी वाटणी न करता कामांच्या पाळ्या लावाव्यात. मात्र एखाद्या मुलाला त्याच्या जमातीचा प्रतिनिधी करून ‘तुमच्यात काय करतात?’ असे सर्वांदेखत विचारू नये. सांगायचे की नाही, हे त्याने ठरवावे. शिष्यवृत्तीसाठी जातीच्या दाखल्याची चौकशीही खासगीतच व्हावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. जात, भाषा किंवा आईवडिलांच्या धंद्यावरून मुलाला हिणवणे हा छळच आहे.

आपल्या नजरेतला साचा स्वतःला सहसा दिसत नाही. त्यासाठी साधी नोंद उपयोगी पडते. आठवडाभर, ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे एक रेघ ओढावी. शनिवारी ज्या नावांपुढे एकही रेघ नसेल, त्यांना सोमवारी आधी विचारावे.